मराठवाड्याच्या हवेत पाळीव सापाच्या पेटीचे तापमान कसे सांभाळावे

बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक हे परदेशी, बिनविषारी साप पाळण्याविषयी जी माहिती हाताशी येते, ती बहुतेक थंड देशांतील पाळणाऱ्यांनी लिहिलेली असते. पेटी गरम कशी करावी हे तिच्यात बारकाईने सांगितलेले असते आणि पेटी गार कशी ठेवावी यावर जेमतेम दोन-तीन ओळी असतात. लातूर, नांदेड, परभणी, बीड किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये राहणाऱ्या माणसाला अशी माहिती निम्मीच उपयोगी पडते. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत खोलीच सापाला सोसणार नाही इतकी तापते आणि डिसेंबर-जानेवारीत तीच खोली पहाटे इतकी गार पडते की सापाच्या पोटातले अन्न पचत नाही.

मी हे काम या हवेतच शिकलो आहे, आणि ज्यांना पहिल्यांदाच साप आणायचा आहे त्यांच्यासाठी ते क्रमाने मांडत आहे. साप घरी येण्याआधी पेटी पूर्ण लागलेली असावी आणि खोली मोजून झालेली असावी, हे सर्वांत महत्त्वाचे. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. आधी कायदा आणि कागदपत्रे

आपल्या शेतात, ओढ्याकाठी किंवा गावात आढळणारा साप घरात पाळता येत नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ या सर्वांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. साप पिल्लू असला किंवा जखमी अवस्थेत सापडला, तरी तो घरी ठेवणे गुन्हाच ठरते. असा साप घरात किंवा गोठ्यात निघाला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवावे. हा लेख फक्त परदेशी जातींच्या, पिंजऱ्यात जन्मलेल्या सापांविषयी आहे.

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला असून तो सायटिस या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा परदेशी प्राण्यांची यादी चौथ्या अनुसूचीत घेतली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार अशा प्राण्याचा ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परिवेश २.० या पोर्टलवर त्याच्या नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. कॉर्न स्नेक आणणार असाल तर तो सध्या कोणत्या यादीत आहे किंवा नाही, हे आपल्या जिल्ह्याच्या वन कार्यालयात विचारून घ्यावे, कारण याद्या बदलत असतात.

एका फाइलमध्ये पुढील कागद ठेवावेत:

- विक्रेत्याची पूर्ण पावती, ज्यावर जात, खरेदीची तारीख आणि दोघांचे नाव-पत्ते आहेत
- विक्रेत्याकडे असलेल्या नोंदणीची प्रत
- स्वतःचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- सापाची दोन्ही बाजूंनी घेतलेली स्पष्ट छायाचित्रे
- नोंदणी झाल्यावर मिळालेला कागद

"साप आज घेऊन जा, पावती मागाहून पाठवतो" असे कोणी म्हणाले तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

२. सापाला नेमके किती तापमान लागते

साप आपल्यासारखी स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाही. ऊब हवी असेल तेव्हा तो उबदार जागी जातो आणि पुरे झाली की गार जागी सरकतो. म्हणून पेटीत एकच तापमान ठेवायचे नसते. एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार असा उतार तयार करायचा असतो.

बॉल पायथनसाठी गरम टोकाचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस असावा आणि गार टोक २४ ते २७ अंशांवर असावे. रात्री पेटीतले कोणतेही ठिकाण २३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला थोडे कमी तापमान मानवते. त्याच्यासाठी गरम टोक २८ ते ३१ आणि गार टोक २२ ते २५ पुरते, आणि रात्री २० अंशांपर्यंत खाली गेले तरी तो तग धरतो. संपूर्ण पेटीच ३५ अंशांच्या वर गेली आणि सापाला पळायला जागा उरली नाही, तर दोन्ही जातींच्या जिवाला धोका असतो. कॉर्न स्नेकला तो आणखी आधीच सुरू होतो.

दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा देणे ही गोष्ट नवखे लोक सजावटीत मोजतात, पण ती तापमानाचाच भाग आहे. आफ्रिकेत बॉल पायथन दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या जुन्या वारुळांत काढतो. पेटीत लपण एकच असेल आणि तेही गरम टोकाला असेल, तर भ्यालेला साप उकडत असूनही तिथेच बसून राहतो. त्याला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतून एकाची निवड करावी लागू नये. दोन्ही लपणे सारख्या आकाराची आणि अंग तिन्ही बाजूंनी टेकेल इतकी लहान असावीत.

३. खोली आणि पेटीची जागा निवडणे

या पायरीवर वेळ खर्च केला तर पुढचा खर्च वाचतो. आपल्याकडच्या आर.सी.सी. घरांत वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत असलेली खोली सर्वांत वाईट. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, त्यामुळे बाहेर गार वारे सुटले तरी खोली तापलेलीच राहते. पत्र्याच्या खोलीत साप ठेवण्याचा विचारही करू नये. तळमजल्यावरची, उत्तरेची किंवा मधली, जिच्या भिंतीवर थेट ऊन येत नाही अशी खोली निवडावी. ज्यांच्याकडे अजून जुने माळवदाचे घर शाबूत आहे, त्यांनी मे महिन्यात त्या घरातली मधली खोली मोजून पाहावी. जाड मातीच्या भिंती आणि धाबे यांमुळे तिथले तापमान दिवसभरात फारसे वर-खाली होत नाही, आणि सापाला नेमके तेच हवे असते.

पेटी जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, भक्कम टेबलावर ठेवावी. खिडकीसमोर ती कधीही ठेवू नये. काचेच्या पेटीवर सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास पडले तरी आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते आणि साप आतल्या आत मरू शकतो. देवघराजवळची जागाही टाळावी. उदबत्ती आणि धूप यांचा धूर सापाच्या श्वसनाला त्रास देतो.

४. पेटी आणि साधने

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी लागते. पिल्लाला लहान पेटी चालते, परंतु फारच आखूड पेटीत गरम आणि गार टोकांत फरकच पडत नाही, हे ध्यानात ठेवावे. काचेची पेटी हिवाळ्यात लवकर गार होते. प्लायवूडची, पुढे काचेची सरकती दारे असलेली पेटी आपल्या हवेला जास्त मानवते. गावातला सुतार ती करून देतो. मात्र दोन्ही बाजूंना हवेची भोके समोरासमोर ठेवायला त्याला सांगावे आणि आतून पाण्याला टिकेल असे बिनविषारी पॉलिश पूर्ण वाळवूनच घ्यावे.

याशिवाय पुढील वस्तू लागतात:

- हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, पेटीच्या तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाला पुरेल एवढी
- सिरॅमिक हीट एमिटर, म्हणजे उजेड न देता फक्त उष्णता देणारा बल्ब. त्यासाठी चिनी मातीचा होल्डर आणि तारेची जाळी
- थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारा नियंत्रक, शक्यतो दोन
- प्रोबचे, म्हणजे वायरच्या टोकाला तापमान टिपणारा भाग असलेले, दोन डिजिटल थर्मामीटर, कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारे
- आर्द्रतामापक
- पृष्ठभागाचे तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन
- थर्माकोलचे जाड पत्रे, गोणपाट, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या

गोल काट्याचे, चिकटवायचे थर्मामीटर स्वस्त मिळतात. ते घेऊ नयेत, चार-पाच अंशांची चूक त्यांत सहज होते. आतून गरम होणारे कृत्रिम दगडही घेऊ नयेत. ते एखाद्या ठिकाणी जास्त तापतात आणि सापाच्या पोटाकडचे खवले भाजतात. पोटाखालून लागणाऱ्या उष्णतेपासून साप वेळेवर दूर होईलच असे नसते, त्यामुळे भाजल्याचे आपल्या लक्षात येईपर्यंत जखम खोल गेलेली असते. एमिटरचा पृष्ठभागही हात लावता येणार नाही इतका तापतो. प्लास्टिकचा होल्डर त्याने वितळतो आणि जाळी नसेल तर साप थेट त्याला वेटोळे घालतो.

इन्फ्रारेड गन वापरताना एक लक्षात घ्यावे की ती काचेपलीकडचे मोजत नाही, काचेचेच तापमान दाखवते. दार उघडून जमिनीवर किंवा लपणाच्या आत रोखावी. चकचकीत स्टीलवरही ती चुकीचा आकडा देते.

५. थर्मोस्टॅट आणि त्याचा प्रोब

थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट किंवा एमिटर एक दिवससुद्धा लावू नये. "मॅट फार गरम होत नाही" हे दुकानदाराचे सांगणे जानेवारीत खरे वाटते आणि एप्रिलमध्ये खोटे ठरते, कारण खोली जितकी तापलेली असेल तितकी मॅट वर चढते.

आपल्याकडे सहज मिळणारा आणि परवडणारा नियंत्रक म्हणजे एस.टी.सी.-१०००. त्यात गरम करण्यासाठी एक आणि गार करण्यासाठी एक असे दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, असतात. एफ-१ मध्ये हवे ते तापमान, एफ-२ मध्ये किती फरक पडला की चालू-बंद व्हायचे आणि एफ-४ मध्ये प्रोबची दुरुस्ती भरायची असते. हा नुसता उघडा भाग मिळतो. तो बंद डब्यात बसवून, अर्थिंगसह, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्यावा. पेटीत पाणी असते आणि साप ते सांडतो, म्हणून वायरिंगमध्ये काटकसर करू नये.

प्रोब बरोबर आकडा देतो की नाही हे घरीच तपासता येते. एका पेल्यात बारीक फोडलेला बर्फ गच्च भरावा, फटी भरतील इतकेच पाणी घालावे, चमच्याने ढवळत दोन-तीन मिनिटे थांबावे आणि प्रोबचे टोक पेल्याच्या काचेला न टेकता मध्यभागी बुडवून ठेवावे. आकडा शून्यावर स्थिर झाला पाहिजे. तो १.२ दाखवत असेल तर एफ-४ मध्ये उणे १.२ भरावे. सगळे थर्मामीटर याच पेल्यात एकाच वेळी तपासून घ्यावेत आणि प्रत्येकावर फरक पेनने लिहून ठेवावा.

मॅटचा प्रोब पेटीच्या आत, मॅटच्या बरोबर वर, तळाला घट्ट बसवावा आणि त्यावर कोकोपीट किंवा नारळाच्या सालीचे तुकडे दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड पसरू नयेत. थर जाड झाला की वर गार लागते, खाली मात्र उष्णता कोंडते, आणि साप उकरत तळाशी गेला की भाजतो. मॅट पेटीखाली लावल्यास पेटी आणि टेबल यांच्यात हवा खेळती राहील अशी पट्टी द्यावी. पेटी लाकडाची असेल तर खालून मॅट लावून उपयोग होत नाही. लाकूड उष्णता अडवते आणि मॅट कोंडून तापते. अशा पेटीत वरून एमिटर लावणे योग्य, आणि त्याचा प्रोब गरम टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर असावा.

वायर बसवण्यासाठी पेटीच्या आत सेलोटेप किंवा कोणतीही चिकटपट्टी कधीही वापरू नये. टेपची एक कड सुटते, साप तिच्यावरून सरकताना चिकटतो, सुटण्यासाठी पिळे घालत आणखी गुंडाळला जातो, आणि टेप ओढून काढताना खवल्यांसकट कातडी निघते. वायर प्लास्टिकच्या टायने भोकांतून आवळून किंवा हॉट ग्लूने चिकटवून, ग्लू पूर्ण थंड झाल्यावरच पेटी वापरावी. तसे न केल्यास साप प्रोब ढकलून गार टोकाला नेतो, थर्मोस्टॅटला पेटी थंड वाटते आणि तो गरम टोक तापवतच राहतो.

रिले चालू स्थितीत चिकटून बसण्याचा दोषही अशा नियंत्रकांत येतो. म्हणून दुसरा नियंत्रक पहिल्याच्या मागे ओळीत जोडावा आणि तो दोन अंश वर ठेवावा. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो. थोडा खर्च वाढतो, पण रात्रभर आपण झोपलेले असताना पेटीवर लक्ष ठेवणारे तेच एक साधन असते.

६. रिकामी पेटी आठ दिवस चालवणे

सर्व जोडणी झाल्यावर साप न आणता पेटी किमान आठ दिवस चालवावी. एका वहीत रोज चार आकडे लिहावेत: गरम टोकाचे कमाल आणि किमान, गार टोकाचे कमाल आणि किमान. शेजारी खोलीचे तापमान आणि वीज कधी गेली तेही लिहावे. आठ दिवसांत गरम टोक एका अंशापेक्षा जास्त हलत असेल तर एफ-२ मधला फरक कमी करून अर्ध्या अंशावर आणावा. गार टोक सतत वर जात असेल तर दोष खोलीचा आहे आणि तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

शक्य असेल तर साप नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत आणावा. मे महिन्यात नवा साप आणू नये, विक्रेता कितीही सवलत देत असला तरी. प्रवासात बंद गाडीतच तो निम्मा होतो, आणि नव्या पेटीचे सगळे दोष नेमके त्याच महिन्यात एकदम बाहेर पडतात.

७. हिवाळा

मराठवाड्यात हिवाळ्यात सर्वांत जास्त गारठा परभणीकडे जाणवतो. तिथे काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. मॅट पृष्ठभाग तापवते, हवा फारशी तापवत नाही. त्यामुळे पहाटे मॅटवर ३२ अंश आणि पेटीतली हवा १८ अंश असे चित्र दिसते, आणि साप थंड हवा फुप्फुसात घेत गरम फरशीवर बसलेला असतो. यावर उपाय एमिटरचा. प्लायवूडच्या चार फुटी पेटीला साधारण १०० वॅटचा एमिटर आपल्या हिवाळ्यात पुरतो. काचेची पेटी असेल तर मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून थर्माकोलने झाकावी. हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत.

खोलीत शेगडी किंवा कोळसे पेटवून ऊब करण्याचा मोह काही घरांत होतो. हे कदापि करू नये. बंद खोलीत कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. तो सापाला मारतो आणि त्या खोलीत झोपलेल्या माणसांनाही. रात्रभर लाल किंवा निळा दिवा लावून ठेवणेही चांगले नाही, सापाला दिवस-रात्रीचा फरक लागतो.

गरम टोक २८ अंशांच्या खाली राहत असेल तर त्या आठवड्यात खाऊ घालू नये. गारठलेल्या सापाच्या पोटात उंदीर पचण्याऐवजी सडतो आणि तो ओकून पडतो. निरोगी, वाढलेला बॉल पायथन काही आठवडे सहज उपाशी राहू शकतो. एका उलटीतून सावरायला मात्र त्याला फार काळ लागतो.

८. उन्हाळा

सर्वांत आधी हे समजून घ्यावे की थर्मोस्टॅट फक्त उष्णता बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात बाहेर ४२ ते ४४ अंश असतात, आणि बंद खोलीत दुपारी चारला ३७-३८ अंश सहज होतात. तेव्हा पेटीतले हीटर कधीच बंद झालेले असतात आणि तरीही गार टोक शिल्लक राहिलेले नसते.

पंखा पेटीवर सोडणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. पंख्याने आपल्याला गार वाटते ते घामामुळे. सापाला घाम येत नाही. ३९ अंशांची हवा पंख्याने त्याच्या अंगावर सोडली तर तो गार होत नाही, उलट लवकर तापतो आणि अंगातले पाणीही गमावतो.

उपयोगी पडते ते पाण्याचे बाष्पीभवन, आणि आपला उन्हाळा कोरडा असल्याने ते इथे उत्तम चालते. वाळ्याच्या किंवा लाकडी तुसाच्या ताटीचा साधा कूलर खोलीचे तापमान सहज सात-आठ अंशांनी उतरवतो. कूलर खिडकीत असावा, झोत पेटीवर थेट नसावा, आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी असावी. बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा साचतो आणि गारवाही थांबतो. कूलर सकाळी नऊलाच सुरू करावा. खोली एकदा तापल्यावर तीनला लावलेल्या कूलरला ती उतरवायला संध्याकाळ होते.

पेटीच्या आत मला सर्वांत उपयोगी वाटते ते कुंभाराकडचे, चकाकी न दिलेले मातीचे मडके. साधारण मोठ्या तांब्याएवढे मडके घ्यावे, तोंडाची कड सापाला सहज जाता येईल इतकी रुंद करून, कानस आणि मग बारीक सँडपेपरने घासून बोटाला कुठेही टोचणार नाही अशी करावी. ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, सकाळी बाहेरून पुसून गार टोकाला आडवे ठेवावे, आणि दुपारी बाहेरच्या अंगावर थोडे पाणी शिंपडावे. मडक्याचे अंग सुकत जाते तसे आतले लपण बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार राहते. आतली जमीन चिखलासारखी ओली होऊ देऊ नये, नाहीतर पोटाचे खवले कुजतात. पिण्याचे पाणीही मातीच्या पसरट परळात द्यावे. साप त्यात वेटोळे घालून बसू शकेल एवढे ते मोठे असावे. स्टीलच्या भांड्यापेक्षा त्यातले पाणी बरेच गार राहते.

भर दुपारी गार टोक ३० अंशांच्या वर जाऊ लागले तर पाण्याची बाटली गोठवून, जाड फडक्यात गुंडाळून, गार टोकाच्या जाळीवर किंवा काचेला बाहेरून टेकवून ठेवावी. बर्फ सापाला थेट लागू देऊ नये. फ्रीजरमध्ये चार बाटल्या आलटून-पालटून ठेवल्या की दुपार निभावते. पेटीवर ओले गोणपाट टाकता येते, पण एक बाजू हवेसाठी उघडी ठेवूनच.

एस.टी.सी.-१००० चा गार करण्याचा रिले या दिवसांत कामी येतो. त्यावर संगणकातला लहान पंखा ॲडॉप्टरसह जोडावा आणि तो वरच्या भोकातून गरम हवा बाहेर फेकेल असा लावावा. कूलर चालू असलेल्या खोलीत यामुळे पेटीतली कोंडलेली उष्णता निघून जाते. कूलर नसलेल्या खोलीत हा पंखा निरर्थक आहे, कारण बाहेरून तितकीच गरम हवा आत येते.

घरात एसी असेल तर तो २६-२७ अंशांवर ठेवून पेटीचा हीटर थर्मोस्टॅटवर चालू राहू द्यावा. हिवाळ्यासारखा उतार तेव्हा आपोआप तयार होतो. मात्र एसीची हवा कोरडी असते, म्हणून आर्द्रता बघत राहावी. बॉल पायथनला ५० ते ६० टक्के, कात टाकताना थोडी जास्त, आणि कॉर्न स्नेकला ४० ते ५० टक्के पुरते. कात तुकड्यांत निघत असेल किंवा डोळ्यांवर राहत असेल तर हवा कोरडी पडली आहे असे समजावे.

या दिवसांत साप हाताळायचा असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे. खाणेही रात्रीच द्यावे, आणि सलग उष्णतेच्या लाटेत देऊच नये.

९. लाइट गेल्यावर

इन्व्हर्टर असेल तर त्यावर काय चालवायचे हे आधीच ठरवावे. १२ व्होल्ट, १५० अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, प्रत्यक्षात त्यातले निम्म्याहून थोडे अधिकच वापरता येतात. १०० वॅटचा एमिटर आणि घरातले दोन पंखे यांनी ती काही तासांत उतरते. वीस-पंचवीस वॅटची मॅट मात्र रात्रभर निभावते. म्हणून पेटी काचेची असेल तर हिवाळ्यात इन्व्हर्टरवर मॅट ठेवावी, उन्हाळ्यात लहान कूलर.

इन्व्हर्टर नसल्यास हिवाळ्यात पेटीभोवती रजई गुंडाळावी, हवेला एक फट ठेवावी आणि गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून एका टोकाला आत ठेवाव्यात. टॉवेलवर हात ठेवल्यावर कोमट लागले पाहिजे, चटका नको. वीज परत येताना व्होल्टेज एकदम चढते. त्या झटक्याने नियंत्रक बिघडू शकतो, म्हणून मध्ये स्टॅबिलायझर असावा आणि लाइट आल्यावर पेटीचे आकडे एकदा डोळ्यांनी पाहावेत.

१०. पावसाळा

जूनच्या मध्यापासून तापमानाची काळजी कमी होते. परंतु हवा दमट झाल्यावर कूलर, मडके आणि गोणपाट यांचा गारवा थांबतो आणि ते फक्त ओल वाढवतात. पहिल्या दमदार पावसानंतर ते बंद करावेत. पेटीतले बेडिंग ओले राहत असेल तर बदलावे आणि हवेची भोके मोकळी ठेवावीत. ऑक्टोबरमध्ये उकाडा परत येतो, पण तो मेसारखा नसतो.

११. साप काय सांगतो ते ओळखणे

साप दिवसेंदिवस गरम टोकावरच पडून असेल, तर पेटी एकूण थंड आहे. तो सतत पाण्यात बसून असेल, काचेला नाक घासत फिरत असेल, तर पेटी गरम आहे; पाण्यात बसण्यामागे गोचिडीसारखे बारीक परजीवीही असू शकतात, म्हणून खवल्यांच्या कडा आणि पाण्याचा तळ भिंगाने पाहावा. तोंड उघडून श्वास घेणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येणे, नाकाशी किंवा तोंडाशी बुडबुडे दिसणे ही श्वसनाच्या संसर्गाची लक्षणे आहेत आणि ती बहुधा थंडी आणि ओल एकत्र आल्यावर दिसतात.

अतितापलेला साप लुळा पडतो, डोके सरळ धरता येत नाही, कधी मान मागे टाकून वर पाहत राहतो. अशा वेळी त्याला लगेच गार, अंधाऱ्या खोलीत न्यावे आणि खोलीच्या तापमानाच्या उथळ पाण्यात, डोके पाण्याबाहेर राहील असे हाताने धरून ठेवावे. बर्फाचे पाणी वापरू नये, तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नये. मग पशुवैद्यकाकडे निघावे.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक आपल्या भागात थोडे आहेत. परभणी आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. साप आणण्याआधीच तिथे किंवा आपल्या शहरातल्या पशुवैद्यकांकडे जाऊन कोण सापाला तपासतो, त्यांची वेळ काय आणि सुट्टीच्या दिवशी कुठे जायचे हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. जाताना ती वही बरोबर न्यावी. मागच्या दोन-तीन आठवड्यांचे गरम आणि गार टोकांचे आकडे, शेवटचे खाणे आणि शेवटची कात कधीची, हे डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांतच लागते.